एकल वादनातील लय, पट्टी आणि भाव : काही संज्ञांची चिकित्सा

पियानोवरील एखाद्या एकल रचनेचा परिचय करून देताना पाश्चात्त्य परंपरेत तीन गोष्टी प्रथम सांगितल्या जातात : तिची गती कोणती, तिचा स्वराधार कोणता आणि तिची भाववृत्ती कोणती. या तीन गोष्टींसाठी मराठी संगीतसमीक्षेने लय, पट्टी आणि भाव हे तीन शब्द योजले आहेत, आणि ही योजना इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी कोणास शंका येत नाही. ‘अमुक रचना विलंबित लयीत, काळी एकमध्ये असून तिचा भाव करुण आहे’ असे वाक्य वाचले म्हणजे रचनेविषयी बरेच काही कळले असा समज होतो. वस्तुतः या वाक्यात मूळ संज्ञांपैकी एकही जशीच्या तशी उतरलेली नसते. ती का उतरत नाही, आणि न उतरल्यामुळे काय हाती लागते, याची तपासणी दोन उदाहरणांच्या आधारे करता येते. पहिले उदाहरण बीथोवनच्या सत्ताविसाव्या कृतिसंग्रहातील दुसऱ्या सोनाटाच्या पहिल्या भागाचे. दुसरे गोविंदराव पटवर्धन यांच्या एकल संवादिनीवादनाचे.

संवादिनी येथे आणण्याचे कारण उघड आहे. पारशी व ख्रिस्ती घरे, गोव्यातील पाश्चात्त्य संगीताची परंपरा आणि मुंबईचे चित्रपटवाद्यवृंद सोडले, तर पियानो हे महाराष्ट्रात घरगुती वाद्य झाले नाही. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची ती मांडणी मराठी कानापर्यंत आणि मराठी बोटांपर्यंत पोहोचली ती पेटीच्या द्वारा. अलेक्सांद्र दबें याने १८४२ मध्ये पॅरिस येथे हार्मोनियमचा हक्क नोंदविला. पुढे भारतात तिचे पाय गेले, हाताचा भाता आला, आणि कीर्तन, भजन, नाटक व बैठक या चारही ठिकाणी ती स्थिरावली. दशावतारात पायपेटी टिकून राहिली. डबलबारीचा बुवा तर स्वतःच पेटी वाजवीत गातो. तेव्हा ‘की’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याची वेळ आली ती पियानोच्या नव्हे, पेटीच्या संदर्भात, आणि त्याचे परिणाम त्या प्रतिशब्दावर कायमचे राहिले.

‘पट्टी’ म्हणजे लाकडाचा वा कापडाचा अरुंद, लांबट तुकडा. पेटीवर बोट ज्या तुकड्यावर पडते ती पट्टी. त्या तुकड्यातून निघणारा स्वर तीही पट्टी. आणि गायक ज्या स्वराला षड्ज मानून गातो तीही पट्टीच. लक्षणेच्या या तीन पायऱ्या मराठीने कोणताही गाजावाजा न करता ओलांडल्या. स्वरांना स्वतंत्र नावे न देता रंग आणि क्रमांक यांवर काम भागविले : पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन. पुरुष गायक बहुधा पांढरी एक ते काळी दोन यांच्या आसपास गातात, स्त्रिया पांढरी पाच ते काळी पाच यांच्या दरम्यान, ही माहिती कोणताही साथीदार डोळे मिटून सांगेल. परंतु या सर्व व्यवहारात पट्टीने एकच गोष्ट सांगितली जाते : षड्ज किती उंचीवर आहे. त्या षड्जावर कोणते स्वर कोमल आणि कोणते तीव्र लागणार, याविषयी पट्टी मौन पाळते. ते काम रागाचे.

पाश्चात्त्य ‘की’मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. बीथोवनच्या त्या सोनाटाचा स्वराधार ‘सी शार्प मायनर’ असे म्हटले की त्यात ‘काळी एक’ हा षड्जही आला आणि गांधार, धैवत, निषाद कोमल असणारा, भातखंड्यांच्या परिभाषेत आसावरी थाटाशी जुळणारा, स्वरसमूहही आला. शिवाय षड्जाकडे परत येताना तेथे निषाद शुद्ध होतो, म्हणजे ज्या स्वरसमूहाला आपण कीरवाणी म्हणून ओळखतो त्याची छाया पडते. मराठीत याचे भाषांतर ‘पट्टी काळी एक’ एवढेच केले तर अर्धा अर्थ गळतो. आणि ‘आसावरी’ म्हटले तर भलताच अर्थ येऊन बसतो, कारण आसावरी थाट हा स्वरांचा संच आहे, तर आसावरी राग हे चलन, वादीसंवादी आणि सकाळची वेळ यांसह येणारे व्यक्तित्व आहे. आणखी एक अडचण अशी की तो सोनाटा आपल्या षड्जावर थांबत नाही. गीताची पहिली ओळ पुरी होते न होते तोच षड्ज काळी एकवरून पांढरी तीनवर सरकतो, आणि तेथेही फार काळ राहत नाही. तंबोऱ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या कानाला ही घरातील तुळई हलविण्यासारखी गोष्ट आहे. पेटीवादकाला मूर्च्छनाभेदाचा खेळ परिचित असतो, पण तो खेळ म्हणून. येथे तो रचनेचा कणा आहे.

आता पट्टी आणि भाव यांचा संबंध. युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्येक स्वराधाराला स्वतःचा स्वभाव असतो असे मानणारा पंथ प्रबळ होता. शूबार्ट याच्या १८०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तर चोवीसही स्वराधारांचे स्वभाव नोंदविलेले आहेत : हा निष्पाप, तो शोकाकुल, तिसरा विजयी. जोपर्यंत वाद्यांची जुळणी विषम होती, म्हणजे प्रत्येक षड्जावरील अंतरे किंचित वेगळी पडत होती, तोपर्यंत या म्हणण्याला काही श्राव्य आधार होता. सप्तकाचे बारा सारखे भाग करणारी जुळणी सार्वत्रिक झाल्यावर तो आधार संपला. आजच्या पियानोवर काळी एकवरील कोमल गांधार आणि पांढरी एकवरील कोमल गांधार ही दोन्ही आपापल्या षड्जापासून नेमकी ३०० सेंट अंतरावर असतात. उरतो तो फक्त उंचीचा फरक, आणि हाताच्या ठेवणीचा. काळ्या पट्ट्यांवर हात वेगळा बसतो, हे कोणताही वादक सांगेल. स्केलचेंजर पेटीने मात्र तोही युक्तिवाद निकालात काढला : बोटे त्याच पट्ट्यांवर राहतात आणि सगळा पट्टा सरकून षड्ज दुसरीकडे जातो. हाताची स्मृती आणि स्वराची उंची यांची इतकी स्वच्छ फारकत दुसऱ्या कोणत्याही वाद्याने करून दाखविलेली नाही.

याच बाराभागी जुळणीवर आपल्याकडे जो वाद झाला तो वेगळ्या अंगाने. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी प्रबंध प्रसिद्ध केला, अर्नेस्ट क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याने त्यांच्यासह श्रुतिसंवादिनीचा पुरस्कार केला, आणि अलीकडच्या काळात विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. शुद्ध गांधार नैसर्गिक संवादाने ३८६ सेंटवर यावा तो पेटीवर ४०० वर येतो. कोमल गांधार ३१६ वर यावा तो ३०० वर. पंचमात अंतर अवघे दोन सेंटांचे, म्हणून तो कोणाला खुपत नाही. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर जी बंदी घातली आणि जी १९७१ मध्ये अंशतः उठली, तिच्यामागे ही अंतरे, मींडेचा अभाव आणि परकेपणाची भावना या तिन्ही गोष्टी होत्या. प्रस्तुत प्रश्नापुरते इतकेच लक्षात घ्यावयाचे की पेटीच्या विरोधकांचा आक्षेप पट्टीवर कधीच नव्हता. तो स्वरस्थानांवर होता. पट्टीने भाव ठरतो असे आपल्या परंपरेत कोणी म्हटल्याचे आढळत नाही. ज्याने म्हटले असते त्याला साथीला बसणाऱ्या पहिल्याच वादकाने हसून वाटेला लावले असते.

स्वरसमूहाने भाव ठरतो, असे मात्र अवश्य म्हटले गेले. आणि येथे एक विलक्षण विसंगती समोर येते. पाश्चात्त्य श्रोत्याला कोमल गांधार ऐकू आला की खिन्नता जाणवते; तेथे मायनर आणि उदास हे जवळजवळ पर्याय झाले आहेत. भातखंड्यांनी (१८६०–१९३६) रागांचे स्वरांवरून जे तीन वर्ग पाडले आणि त्यांना रस सुचविले, त्यांत ऋषभ-धैवत कोमल असणारे संधिप्रकाश राग शांत व करुण रसांकडे, ऋषभ-धैवत शुद्ध असणारे शृंगाराकडे, आणि गांधार-निषाद कोमल असणारे राग वीर व तत्सम रसांकडे दिले आहेत. म्हणजे ज्या कोमल गांधाराने व्हिएन्नात डोळे पाणावावेत त्याने मुंबईत बाहू स्फुरावेत! भातखंड्यांची ही वाटणी त्यांच्या अन्य कार्याइतकी भक्कम नाही हे मान्य केले पाहिजे. काफी थाटात बसणारी होरी वीररसाची आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि दोन परंपरांतील दोन जाणकारांना एकाच अंतरात परस्परविरुद्ध भाव दिसावेत, यावरून भाव त्या अंतरात वसत नसून ऐकणाऱ्याच्या संस्कारात वसतो, असे अनुमान काढणे भाग पडते. हे अनुमान पूर्ण नाही, हे पुढे दिसेल.

लयीकडे वळले की अडचण अधिक सूक्ष्म होते. इटालियन गतिवाचक शब्द मुळात गतिवाचक नव्हतेच. ‘आलेग्रो’ म्हणजे आनंदी, ‘ग्रावे’ म्हणजे जड किंवा गंभीर, ‘आदाजो’ म्हणजे निवांतपणे. वृत्ती सांगणारे शब्द कालांतराने वेग सांगू लागले, आणि १८१५ मध्ये मेल्त्सेल याने लयमापक यंत्राचा हक्क घेतल्यावर त्यांच्या शेजारी आकडे बसले. त्यामुळे पाश्चात्त्य रचनेच्या माथ्यावरील शब्द वाचताना गती आणि वृत्ती वेगळ्या करताच येत नाहीत. आपल्या शब्दांची घडण निराळी. विलंबित म्हणजे लोंबलेले, रेंगाळलेले; मध्य म्हणजे मधले; द्रुत म्हणजे धावलेले. यांत वृत्तीचा गंधही नाही. ज्या धातूपासून ‘द्रुत’ आला त्याचा दुसरा अर्थ वितळणे असा आहे, आणि काव्यशास्त्रात माधुर्य गुणाने चित्ताची जी ‘द्रुति’ होते ती त्याच धातूची. पण संगीतातील द्रुत ऐकून कोणाला वितळणे आठवत नाही. ‘लय’ हा शब्द स्वतः ‘ली’ धातूचा, म्हणजे चिकटणे, विलीन होणे. शार्ङ्गदेवाने लयीची व्याख्या केली ती दोन क्रियांमधील विश्रांती अशी. आघाताकडे न पाहता आघातानंतरच्या रिकाम्या जागेकडे पाहणारी ही व्याख्या पियानोला जितकी लागू पडते तितकी पेटीला लागू पडत नाही, ही गंमतीची गोष्ट आहे. पियानोची तार हातोड्याने वाजली की त्या क्षणापासून तिचा नाद मावळू लागतो. दोन आघातांमध्ये खरोखरच विश्रांती असते. पेटीचा स्वर भात्यात हवा असेपर्यंत सारख्याच जोराने उभा राहतो. म्हणून एकल पेटीवादक अतिविलंबितात फारसा रमत नाही. तेथे त्याला मावळण्याची सोय नाही.

बीथोवनच्या त्या भागावर ‘आदाजो सोस्तेनूतो’ असे लिहिलेले आहे, आणि त्याच्या जोडीला असे चिन्ह आहे की एका आवर्तनात चार नव्हे, दोनच मात्रा धराव्यात. प्रत्येक मात्रेत तिसऱ्यांचे दोन गट, म्हणजे सहा स्वर येतात. अनेक वादक शब्दाकडे पाहतात आणि चिन्हाकडे दुर्लक्ष करतात. परिणामी चार जड मात्रांची प्रेतयात्रा सुरू होते. मराठी श्रोत्याच्या कानाने हाच भाग ऐकला तर काय होईल? जो त्या बारीक स्वरांनाच मात्रा समजेल त्याला तीन-तीनचा सरळ दादरा ऐकू येईल, एका आवर्तनात दोन वेळा, आणि तोही फारसा संथ नव्हे. जो दोन मात्रा धरेल त्याला तेच संगीत अतिविलंबित वाटेल. ध्वनी तोच, घड्याळही तेच. ख्यालाच्या विलंबित एकतालात बाहेरून मात्रा मैलाच्या दगडासारख्या दूरदूर आणि आत चारचारांचे चालणे, हा अनुभव ज्याला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. लय हा रचनेचा गुणधर्म म्हणून नोंदविण्यापूर्वी मात्रा कोणती धरली हे सांगितले पाहिजे. ते न सांगता दिलेला ‘विलंबित’ हा शेरा निरर्थक असतो.

त्या भागाच्या आरंभी दुसरीही सूचना आहे : संपूर्ण भाग अतिशय नाजूकपणे आणि नाद दाबणाऱ्या गाद्या उचललेल्या ठेवून वाजवावा. १८०१ च्या सुमाराच्या पियानोचा नाद लवकर विरत असे, त्यामुळे स्वर एकमेकांत मिसळले तरी चिखल होत नसे. आजच्या पियानोवर ती सूचना अक्षरशः पाळली तर होतो. म्हणजे भाव वाद्याच्या शरीरावरही अवलंबून आहे. या बाबतीत रत्नागिरीकरांना जवळचे वाटावे असे एक उदाहरण ब्रह्मदेशातील आहे. मंडालेच्या राजघराण्यातील शेवटचा राजा थिबा १८८६ मध्ये बंदी म्हणून रत्नागिरीस आणला गेला आणि १९१६ मध्ये येथेच वारला, हे सर्वज्ञात आहे. त्याच ब्रह्मी परंपरेत एकोणिसाव्या शतकात पियानो गेला, ‘संदया’ म्हणून रुळला, तेथील स्वरांत जुळविला गेला, आणि दोन्ही हातांनी एकच चाल आळीपाळीने विणीत वाजू लागला. पाश्चात्त्य स्वरसंवाद त्यातून गळून पडला. आपल्या पेटीने स्वरसंवाद टाकला पण जुळणी ठेवली. ब्रह्मी पियानोने दोन्ही टाकली. वाद्य आयात होते तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे भाव आयात होत नाहीत, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

राहिला भाव. भरताच्या चौकटीत रसासाठी विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव लागतात. शब्दरहित वादनात आलंबन कोठून आणावे? आनंदवर्धनाने या अडचणीला तोंड दिले आहे : ज्यांना वाच्यार्थ नाही अशा गीतध्वनींतूनही रसाची व्यंजना होते, असे त्याने मान्य केले, आणि व्यंजना ही अभिधेवर अवलंबून नाही याचा तो पुरावा म्हणून उपयोगात आणला. याच्या उलट टोकाला हान्सलिक उभा आहे. १८५४ च्या आपल्या पुस्तकात त्याने संगीताचा आशय म्हणजे नादांच्या चलत आकृती, भावना नव्हे, असे प्रतिपादन केले. मराठीत मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल यांवर उभारलेले लयतत्त्व मांडले तेव्हा ते हान्सलिकच्या बाजूला झुकले. मात्र त्यांनी ‘लय’ या शब्दाचा जो विस्तार केला त्याने एक घोटाळा झाला. तालाच्या अंगाने येणारी लय आणि घटकांच्या परस्परसंबंधातून येणारी लय यांना एकच नाव मिळाले, आणि पुढच्या पिढीच्या समीक्षेत ‘कवितेची लय’, ‘चित्राची लय’ असे प्रयोग इतके सैल झाले की ‘वादनाची लय’ म्हणताना वेग अभिप्रेत आहे की घाट, हे विचारावे लागते. मर्ढेकरांचा विचार थोर. त्यांची संज्ञानिवड तितकी थोर नाही.

सोनाटाला ‘चंद्रप्रकाश’ हे जे नाव चिकटले ते बीथोवनचे नव्हे. रेल्श्टाब या समीक्षकाच्या एका उपमेवरून ते रूढ झाले. बीथोवनने स्वतः ‘कल्पनाविलासासारखा सोनाटा’ एवढेच म्हटले होते. आज मात्र हा भाग ऐकणाऱ्यांपैकी किती जण सरोवरावरील चांदणे बाजूस ठेवून ऐकू शकतील? नावाने आलंबन पुरविले. शब्दरहित संगीतात शब्द मागच्या दाराने शिरला.

गोविंदराव पटवर्धन यांच्या वादनात तो पुढच्या दाराने, मानाने येतो. गुहागर परिसरात जन्मलेल्या या वादकाने (१९२५–१९९६) संगीत नाटकांच्या साथीत आयुष्य वेचले आणि एकल वादनात प्रामुख्याने नाट्यपदे वाजविली. त्यांच्याआधी गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी पेटीला एकल वाद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली होती; ‘मानापमान’ (१९११) च्या चाली त्यांच्याच. पटवर्धनांचे वादन ऐकणारे जे सांगतात ते बहुधा एकाच वाक्यात येते : शब्द ऐकू येतात. हे वाक्य स्तुती म्हणून सोडून न देता भाषाशास्त्राच्या दृष्टीने तपासले पाहिजे. पेटी ‘क’ आणि ‘त’ यांत भेद करू शकत नाही. ‘आ’ आणि ‘ई’ यांतही नाही. तिला शक्य आहे ते एवढेच : अक्षराचा आरंभ पट्टीच्या दाबाने दाखविणे, लघुगुरूचे प्रमाण राखणे, जोडाक्षरापूर्वीचा ठेचा किंचित तोडून देणे, आणि ओळीच्या शेवटी श्वासाची जागा भात्याने सोडणे. व्यंजनांचे स्थान हरवते, पण अक्षरगणना, मात्रा, आघात आणि स्वराची चढउतार टिकतात. कॅनरी बेटांपैकी गोमेरा येथे शिट्टीने बोलली जाणारी स्पॅनिश अशाच काटकसरीवर चालते. भेद इतकाच की तेथील ऐकणारा न ऐकलेले वाक्यही बरेचसे उलगडू शकतो; पेटीचा श्रोता फक्त पाठ असलेले पद ओळखतो. त्याला शब्द ऐकू येत नाहीत, आठवतात. आणि वादकाने अक्षरांची मापे चोख राखलेली असल्यामुळे आठवलेले आणि ऐकलेले यांतील शिवण दिसत नाही. पटवर्धनांचे कौशल्य या शिवणीत आहे.

यावरून मोठा प्रश्न उभा राहतो. त्या वादनाचा भाव पदाचा, रागाचा की वादनाचा? ज्याला पद ठाऊक आहे त्याला प्रसंग, पात्र, रुसवा, विनवणी हे सर्व मिळते. म्हणजे विभावांसह पूर्ण रस मिळतो. ज्याला पद ठाऊक नाही त्याला राग आणि चाल मिळते. असा श्रोता आता अपवाद राहिलेला नाही. रत्नागिरीत खल्वायनसारखी संस्था संगीत नाटके रंगमंचावर आणीत असल्याने दोन्ही प्रकारचे श्रोते एकाच सभागृहात आढळतात. अन्यत्र पहिला प्रकार विरळ होत आहे. पद न जाणणाऱ्यासाठी पटवर्धनांच्या ध्वनिमुद्रिका जर केवळ कोरड्या चाली ठरल्या तर वर काढलेले अनुमान खरे : भाव सर्वस्वी संस्कारात. तसे घडत नाही. याचे कारण वादनाच्या रचनेतच सापडते. नाट्यपदाच्या एकल वादनात मुखडा प्रथम सरळ, अक्षरनिष्ठ येतो. पुनरावृत्तीत अक्षरांमध्ये कण आणि छोट्या हरकती शिरतात; शब्द अजून ओळखू येतो, पण त्याची मापे ताणली जातात. त्यानंतर आलापतानांचा विस्तार सुरू होतो आणि तेथे अक्षर उरतच नाही. तान मुखड्याच्या पहिल्या स्वरावर येऊन आदळते तेव्हा शब्द एकदम परत सापडतो. हे सैल होणे, सुटणे आणि सापडणे पद न जाणणाऱ्यालाही कळते, कारण मुखडा त्याने आताच दोनदा ऐकलेला असतो. वादनाने स्वतःच त्याला तेवढा संस्कार दिलेला असतो. आनंदवर्धनाची व्यंजना येथे अभिधेशिवाय काम करते, आणि हान्सलिकच्या चलत आकृतीही येथेच दिसतात. दोघांचे भांडण या टप्प्यावर तरी लागत नाही.

म्हणून एकल वादनाची नोंद करताना ‘भाव : करुण’ असा एक शब्द लिहिण्यापेक्षा तो भाव कोणत्या टप्प्यावर जाणवला हे लिहिणे उपयुक्त. मुखड्याच्या पहिल्या, अक्षरनिष्ठ फेरीत जाणवलेली करुणता बहुतांशी नाटककाराची असते. विस्तारात जाणवलेली रागाची. तान संपून समेवर शब्द परत येताना सभागृहातून जी दाद उठते तिच्यात करुण पदालाही आनंदाचा सूर असतो, हे कोणत्याही मुद्रिकेवर ऐकता येते. आणि ती दाद तेवढी वादकाची.